ऑफिस घरी आलं, जागा कुणी दिली?



"हायब्रीड" म्हटलं की आपल्याला आधी ज्वारी आठवते. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरी हायब्रीडची भाकरी झाली. जुन्या बाया अजून सांगतात, कणसं भरघोस यायची, पण मालदांडीची चव काही तिला नव्हती. आता हाच शब्द शहरातल्या नोकरीला चिकटला आहे. आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिसात जायचं आणि उरलेले दिवस घरून काम करायचं, याला हायब्रीड काम म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हे शहराचं कौतुक आम्हाला कशाला? पण २०२० च्या टाळेबंदीत हे काम आपल्याच ओसरीवर येऊन बसलं होतं. पुण्या-मुंबईला कामाला असलेले लेक, लेकी, सुना लॅपटॉप घेऊन गावी आल्या. कुणी माडीवर, कुणी गच्चीवर, जिथे रेंज मिळेल तिथे टेबल मांडलं. आणि घराघरात एक वाक्य ऐकू यायला लागलं, "घरीच तर आहेस, जरा दुधाकडे बघ." त्या वाक्याकडे मी नंतर वळणार आहे. आधी हे ऑफिस नावाचं प्रकरण आलं कुठून ते बघू.

आपल्याकडे लिहिण्याचं काम मुळात घरातच होतं. गावचा कुळकर्णी गावाचं दप्तर स्वतःच्या वाड्यात ठेवायचा. कागद रुमालात बांधलेले, रुमाल फडताळात. कुणाला आपल्या जमिनीची नोंद बघायची असेल तर त्याच्या ओसरीपुढे जाऊन उभं राहायचं. त्याची मर्जी असली तर रुमाल सुटायचा. घरून काम करण्याची ही एक बाजू विसरू नका. कागद ज्याच्या घरात, सत्ता त्याची. मुंबई राज्याने १९५० मध्ये कायदा करून उरलीसुरली कुळकर्णी वतनं रद्द केली आणि गावाचं दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती राहिलं. राज्यकारभाराचं लिहिणं मात्र आधीपासून एका जागी होतं. पेशव्यांच्या पुण्यात हुजूर दप्तर होतं, कारकुनांच्या कचेरीला फड म्हणायचे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या कारकुनांना "रायटर", म्हणजे लिहिणारे, असंच म्हणायची. त्यांच्यासाठी कलकत्त्यात १७७७ मध्ये मोठी इमारत बांधायला घेतली, तिला आजही रायटर्स बिल्डिंग म्हणतात.

एवढ्या लोकांना एका छताखाली कशासाठी बसवायचं? एक तर कागद. वही एकच, ती दहा जणांना लागते, मग दहाही जण वहीजवळ बसले पाहिजेत. आणि दुसरी नजर. कोण लिहितंय, कोण डुलक्या घेतंय, हे साहेबाला बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे.

ही नजर कशी होती ते अमेरिकेतल्या एका इमारतीत छान दिसायचं. बफेलो शहरात लार्किन नावाची साबण विकणारी कंपनी होती. तिचा धंदा टपालाने चालायचा, त्यामुळे रोज पत्रांचे ढीग पडायचे. १९०६ साली तिची नवी इमारत पूर्ण झाली. मधोमध वरपर्यंत उघडा चौक, छतातून येणारा उजेड, चारी बाजूंनी सज्जे. टेबलांच्या रांगा, आणि त्या टेबलांवर पत्रं फोडणाऱ्या, टाइप करणाऱ्या बहुतेक बायका. काही खुर्च्या तर टेबलालाच जोडलेल्या. खुर्ची जरा इकडे सरकवावी, मैत्रिणीकडे वळावं, एवढंही बाईच्या हातात नाही. इमारत सुंदर होती असं जाणकार सांगतात. असेलही.

टाइपरायटरने बायकांना ऑफिसात आणलं, हे मात्र खरं. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर काढला, आणि पुढे तालुक्याच्या गावांतही टायपिंगचे क्लास निघाले. किती मुलींची पहिली नोकरी त्या खडखडाटातून आली असेल! १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाने हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी नवी मांडणी काढली. हलवता येतील अशा बुटक्या भिंती, ज्याला जशी हवी तशी त्याने जागा करून घ्यावी. हेतू चांगला होता. पण कंपन्यांनी काय पाहिलं? या भिंतींनी त्याच खोलीत जास्त माणसं बसवता येतात. मग खुराड्यासारखे चौकोन झाले. प्रॉप्स्टला स्वतःलाच ते शेवटपर्यंत आवडलं नाही. ऑफिसच्या जागेचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसतं. कल्पना कुणाचीही असो, शेवटी हिशेब चौरस फुटाचा होतो.

आता दुसरीकडे बघा. पुरुषांसाठी ऑफिसं बांधली जात होती त्याच काळात बायकांचं किती तरी काम उलट्या वाटेने घरात शिरत होतं. सोलापूर, सिन्नर, निपाणी या गावांची नावं घेतली की विड्या वळणाऱ्या बाया डोळ्यांपुढे येतात. बायांना कारखान्यात एकत्र बसवलं की कारखान्याचा कायदा लागतो, पाण्याची, संडासाची, पाळणाघराची सोय करावी लागते. तेंदूची पानं आणि तंबाखू घरी दिली की त्यातलं काहीच नको. जागा बाईची, दिवाबत्ती बाईची, आणि तंबाखूची धूळ तिच्या लेकरांच्या अंथरुणात. विड्या मोजून घेताना खराब म्हणून किती बाजूला टाकायच्या हे ठेकेदाराने ठरवायचं. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात घरी वळणारीलाही कामगार मानलं गेलं. कागदावर ही मोठी गोष्ट होती. ती पदरात पाडून घ्यायला बायांना पुढे वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

आणि त्याच काळात, मुंबईच्या गिरगावात, १५ मार्च १९५९ ला सात जणींनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. हाच तो लिज्जत पापड. इथेही काम घरीच होतं, पण रचना बघा. पीठ केंद्रात मळलं जातं. सकाळी बहिणी आदल्या दिवशीचे लाटलेले पापड आणून देतात, वजन होतं, लाटण्याची मजुरी मिळते, नवं पीठ घेऊन त्या घरी जातात. घरात पापड वाळवायला पुरेशी स्वच्छ जागा आहे का, हे संस्थेची माणसं आधी येऊन बघतात. जिच्या घरी जागा नाही तिला केंद्रात पीठ मळण्याचं, पाकिटं भरण्याचं काम करता येतं. आणि लाटणारी प्रत्येक जण संस्थेची सभासद आहे, मालकीण आहे. अर्धं काम घरी, अर्धं केंद्रात. मोठमोठ्या कंपन्या आज सल्लागारांना पैसे देऊन जी मांडणी शिकताहेत, ती आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच रोज सकाळी चालू होती. मला तर हे वाचून हसू येतं.

विडी आणि पापड, दोन्ही घरचीच कामं. फरक कुठे पडला? पापडवालीला रोज सकाळी जायला एक जागा होती. तिथे दुसरीला किती मजुरी मिळाली हे तिला दिसायचं, वजनकाटा तिच्यासमोर असायचा.

आता इंग्लंडला जाऊ. स्टेफनी शर्ली नावाची एक बाई. १९३९ मध्ये, पाच वर्षांची असताना, हिटलरच्या तावडीतून सुटून निर्वासित मुलांच्या आगगाडीने ती इंग्लंडला आली होती. मोठी होऊन ती संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकली. पण ऑफिसात बाईला वर चढायला वाव नव्हता, आणि लग्न झालं, मूल झालं की बायका नोकरी सोडून घरी बसायच्या. एवढ्या शिकलेल्या बायका घरी! १९६२ मध्ये तिने सहा पौंड घालून स्वतःच्या घरातूनच कंपनी काढली. कामाला घेतल्या त्या अशाच घरी बसलेल्या बायका. त्यांच्याकडे संगणक नव्हता, त्या काळी कुणाच्याच घरी नव्हता. कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचा आणि टपालाने पाठवायचा. घरात फोन आहे का, ही मोठी अट. धंद्याची पत्रं ती पाठवायची तेव्हा स्टेफनी या सहीला उत्तर यायचं नाही. नवऱ्याच्या सल्ल्याने तिने "स्टीव्ह" अशी सही करायला सुरुवात केली, पुरुषाचं नाव, आणि कामं यायला लागली. घरात बाळ रडायचं, म्हणून फोनवर बोलताना ती मागे टाइपरायटरच्या आवाजाची टेप लावायची. पलीकडच्याला वाटावं, केवढं भरलेलं ऑफिस आहे!

पहिल्या तीनशे जणांत फक्त तीन पुरुष होते. काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या बायकांनी घरी बसून केलं. बाई टेबलावर किती वाजता बसली याला अर्थ नव्हता, प्रोग्राम बरोबर चालला पाहिजे. पुढे १९७५ मध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि त्याच कायद्यापायी तिला पुरुषांनाही घ्यावं लागलं. तिने कंपनीचे शेअर काम करणाऱ्यांना दिले, आणि कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा त्यांच्यातले सत्तर जण लक्षाधीश झाले, तेही पौंडांत. म्हणजे घरून काम करण्याचा शोध २०२० मध्ये लागला असं कुणी म्हणालं तर या बाईचं नाव सांगा.

१९७३ च्या सुमाराला अमेरिकेत जॅक निलेस नावाच्या अभ्यासकाने वेगळाच विचार मांडला. लॉस एंजेलिससारख्या शहरात माणसं रोज तास-तास गाडी चालवून कामाला जातात, ते कशासाठी? तारेने माहिती पाठवता येते, मग माणसाने का जायचं? त्याचा भर मात्र माणसाला घरात बसवण्यावर नव्हता. घराजवळ छोटी छोटी ऑफिसं काढा, असं तो सांगत होता. तालुक्याच्या गावी शाखा असते तशी. ही गोष्ट मागे पडली, याचं मला वाईट वाटतं.

कंपन्यांना त्यातलं दुसरंच काही भावलं, ते म्हणजे जागा वाचते. आयबीएम ही संगणकाची जुनी कंपनी. २००९ मध्ये तिने सांगितलं, आमच्या ३,८६,००० कर्मचाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांना ठरलेलं ऑफिसच नाही. १९९५ पासून तिने ५ कोटी ८० लाख चौरस फूट जागा विकली होती. आपल्या हिशेबाने सुमारे १,३३० एकर. त्यातून १९० कोटी डॉलर मिळाले. पुढे २०१७ मध्ये याच कंपनीने बऱ्याच लोकांना ऑफिसात परत बोलावलं. धंदा मंदावला होता, आणि माणसं एकत्र बसली की काम चांगलं सुचतं, असं आता साहेबांना वाटत होतं.

मग आली टाळेबंदी. मार्च २०२० मध्ये जगातली ऑफिसं एका झटक्यात बंद झाली. आपल्या टीसीएस कंपनीने त्याच एप्रिलमध्ये जाहीर केलं, २०२५ पर्यंत एका वेळी आमचे २५ टक्केच लोक ऑफिसात असले तरी पुरे. पण ऑक्टोबर २०२३ पासून तिने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. लॅपटॉप घेऊन गावी आलेली किती तरी पोरं त्या सुमारास पुन्हा खोल्या भाड्याने घ्यायला शहरात गेली.

घरून काम केल्याने काम बिघडतं का? याची एक नीट चाचणी चीनमध्ये झाली आहे. प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या एका मोठ्या कंपनीत २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांच्या दोन वाटण्या केल्या. वाढदिवसाची तारीख सम की विषम, यावरून. एका गटाने आठवड्यातले दोन दिवस घरून काम केलं, दुसऱ्याने पाचही दिवस ऑफिसात. कामात फरक पडला नाही, बढतीतही नाही. नोकरी सोडून जाणारे मात्र घरून काम करणाऱ्या गटात एक तृतीयांशाने कमी झाले. आणि सगळ्यात जास्त फरक बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये दिसला. आधी साहेब लोकांना वाटत होतं काम घटेल. अनुभव घेतल्यावर त्यांचंही मत बदललं. त्याच कंपनीत दहा वर्षं आधी चार दिवस घरी आणि एकच दिवस ऑफिसात अशी चाचणी झाली होती. त्यात काम वाढलं, पण निम्म्या लोकांना शेवटी ऑफिसात परतावंसं वाटलं. घरी एकटं वाटतं, म्हणाले. आपल्या बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीला बाया पैसे भरायलाच येतात असं थोडंच आहे?

आता ऑफिसच्या जागेचं काय झालं ते ऐका. समजा शंभर माणसं आहेत आणि प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस यायचं. सारखी वाटणी झाली तर रोज साठ जण येतील, साठ टेबलं पुरतील. पण सोमवार-शुक्रवार घरी राहावं असं सगळ्यांनाच वाटतं. मग होतं काय, आपल्या आठवडी बाजारासारखं. बुधवारी पाय ठेवायला जागा नाही, आणि शुक्रवारी ओटे रिकामे. म्हणून मग व्यवस्थापकाने वार वाटून द्यायचे, हा विभाग सोमवारी, तो विभाग गुरुवारी. टेबल फोनवरून आधी राखून ठेवायचं, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. कुणाच्याच नावाचं टेबल नाही. लेकराचा फोटो, पाण्याची बाटली, संध्याकाळी सगळं कपाटात कोंबायचं. टेबलं कमी करून बैठकीच्या खोल्या वाढवल्या, कारण एकट्याने करायचं काम घरीच होतं, आणि माणसं येतात ती एकमेकांशी बोलायला.

आणि जुनी नजर? ती गेली नाही, तिने रूप बदललं. दारावर कार्ड लावलं की कोण किती दिवस आलं याची आपोआप नोंद होते. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफ या वर्तमानपत्राच्या ऑफिसात टेबलांखाली छोटी यंत्रं बसवली होती. टेबलावर माणूस आहे की नाही, ते सांगणारी. जागा किती वापरली जाते ते बघायचंय, असं सांगितलं गेलं. पत्रकारांनी एवढा गोंधळ केला की ती त्याच दिवशी काढावी लागली. घरच्या लॅपटॉपवर मात्र असा गोंधळ कुणी एकटीने कसा घालणार?

आता ते वाक्य. "घरीच तर आहेस." कंपनीने दोन मजले सोडले तर तिचं भाडं वाचलं, वीज वाचली, चहा वाचला. ते काम कुठे तरी बसलंच ना? ते बसलं कुणाच्या तरी घरात. दोन खोल्यांचं घर, त्यात नवऱ्याचं टेबल आतल्या खोलीत दार लावून, आणि तिचा लॅपटॉप ओट्याच्या कडेला. त्याची मीटिंग म्हणजे मीटिंग, तिची मीटिंग म्हणजे मध्ये उठून कुकर बंद करता येतो अशी काही तरी गोष्ट. सासू म्हणून आपण हे वागलो का, आई म्हणून वागलो का, ज्याचं त्याने बघावं. पण एक विचारायला हवं. विडीवालीच्या घरची जागा ठेकेदाराने फुकट वापरली, त्याला आपण शोषण म्हणालो. लॅपटॉपवालीच्या घरची जागा कंपनीने वापरली तर त्याला काय म्हणायचं? पगारात फरक आहे, कबूल. जागेच्या हिशेबात मला फारसा दिसत नाही.

पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीला कायदा केला. घरून काम करणाऱ्याचा विजेचा, इंटरनेटचा जो जास्तीचा खर्च होतो तो मालकाने द्यायचा, आणि कामाची वेळ संपल्यावर त्याला त्रास द्यायचा नाही. घरी राहून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्येच एक करार केला आहे, १७७ नंबरचा. आपल्या देशाने अजून त्यावर सही केलेली नाही. तो पहिल्यांदा मागितला तो विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. त्या मागणीत आपल्या देशातल्या सेवा संघटनेच्या बायका पुढे होत्या.

आणि काही कामं तर घरी येऊच शकत नाहीत. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातले, म्हणजे आपलीच माणसं. १८९० पासून चालत आलेली त्यांची सेवा मार्च २०२० मध्ये थांबली, आणि बरेच जण गावी येऊन शेतात राबले. ऑफिसं उघडली, पण ग्राहक पूर्वीइतके राहिले नाहीत. जो माणूस आठवड्यातले तीनच दिवस ऑफिसात जातो, तो महिन्याचे पूर्ण पैसे देऊन डबा लावेल का?

ऑफिस झाडणारी बाईही अशीच. टेबलं कमी झाली, मजले कमी झाले की ठेकेदार आधी तिच्यातल्याच एकीला कमी करतो. जी राहते तिला एकच टेबल आता जास्त वेळा पुसावं लागतं, कारण आज बसलेला उद्या दुसऱ्या टेबलावर असतो. तिला अजून रोज पहिल्या गाडीने यावं लागतं, सोमवारी आणि शुक्रवारीसुद्धा.